कुडाआडून सोमी बोलली

विश्वास ठेवायचा की नाही, तुम्ही ठरवा. पण हे घडलंय. चंदनाने स्वतः सांगितलं तसंच लिहितोय, फक्त नावं बदलली आहेत.

मागच्या वर्षीचा मे महिना. मोखाड्यातलं सूर्यमाळ. आणि वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारची होती.

चंदना जव्हारकडे अंगणवाडी सेविका. तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं, म्हणून नऊ वर्षांच्या लेकीला, प्रगतीला, माहेरी ठेवायला आली होती. घरात तिची आई धोंडीबाई आणि आईचा भाऊ माघ्या. माघ्यामामा टँकरवर पाणी भरायला गेला होता.

प्रगती सकाळपासून गप्प. ओटीवर आईचा पदर धरून बसलेली.

"सोड गं. गाडी चुकेल माझी."

तेवढ्यात आतून आवाज आला.

खर्र... खर्र...

कारवीच्या कुडाची भिंत कोणीतरी नखांनी खरवडत होतं.

"उंदीर असंल," धोंडीबाई म्हणाली. पण तिने मान वर केली नाही.

आवाज थांबला.

मग कुडाआडून, अगदी कानाशी...

"ताई, हिला इथं नको ठेवू."



सोमीचा आवाज. तिची धाकटी बहीण. एकोणीस वर्षांपूर्वी विहिरीत गेलेली, दहा वर्षांची असताना. पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं होतं. चंदना तेव्हा आश्रमशाळेत होती.

"आई, आत कोण बोललं?" प्रगतीने विचारलं.

म्हणजे भास नव्हता.

चंदना आत धावली. कोणी नाही. भाताची कणगी, दोरीवर मामाचे कपडे. कुडावरची माती मात्र ताजी उकरलेली... लहान पोराचा हात पोचेल तेवढ्याच उंचीवर.

ती बाहेर आली. धोंडीबाई जागची हललीसुद्धा नव्हती.

"आये, तुला ऐकू आलं ना?"

"रोजच येतं. दुपारचं. आता सवय झाली."

"कशासाठी येते ती?"

धोंडीबाई हाताने जमीन पुसत राहिली.

"मामा अंगाला हात लावतो, असं तिनं माला सांगतलं होतं. मी म्हटलं, गप बस. भाऊ होता माझा. चार माणसांत तोंड कसं दाखवायचं? मग आठ दिवसांनी ती विहिरीत..."

"आणि दर सुट्टीला मी माझी पोर तुझ्या भरवशावर ठेवत होते. तू एका शब्दानं बोलली नाहीस."

धोंडीबाईने पदर तोंडात धरला.

चंदना प्रगतीसमोर बसली. "माघ्याआजा तुला काही करतो का? मी रागावणार नाही."

प्रगतीने आईचा पदर पुन्हा मुठीत धरला.

"सांगितलं तर आई तुला टाकून देईल, असं म्हणतो."

चंदनाने पोरीला कडेवर घेतलं आणि पहिल्या जीपने थेट पोलीस ठाणं गाठलं.

माघ्या आत आहे. केस चालू आहे. नातेवाईक चंदनालाच बोल लावतात, घरातलं घरात मिटवता आलं असतं म्हणून. सोमीबद्दल विचारलं तेव्हा धोंडीबाईने पोलिसांना सांगितलं, "पाय घसरला."

त्यानंतर चंदना आईशी बोलली नाही. फोन आला की वाजू देते.

एकदाच उचलला.

आई काही बोलत नव्हती. मागे एक लहान पोर मात्र रडत रडत काहीतरी सांगत होती...

ती सोमी नव्हती.

पाड्यावरची आणखी कोणाची पोर अशीच गेली होती, हे चंदना अजून घरोघर विचारते आहे. कोणी सांगत नाही.