बारवेच्या वळणावरचं पाणी

त्या दिवशी सकाळी बीडच्या कचेरीबाहेर, लिंबाच्या सावलीत, आसाराम गाडीला पीठ चारत होता. हसू नका. निजामाच्या अमलात आमच्याकडे मोटारी थोड्या आणि त्या दुरुस्त करणारे त्याहून थोडे. गाडीच्या तोंडाशी इंजिन गार ठेवणारी पाण्याची टाकी असते, रेडिएटर म्हणतात तिला. ती ठिबकायला लागली की ड्रायव्हर लोक आत मूठभर ज्वारीचं पीठ टाकायचे. पीठ फुगायचं, भोक बुजायचं. गळती जास्त वाटली म्हणून आसारामने दोन मुठी टाकल्या.

तेवढ्यात धारूरहून देशमुखांचा गडी बंकट आला. घोडा फेसाने माखला होता.

"आसारामदादा, भिवरा आडलीय. काल सांजपासनं. सुईनीनं हात टेकले."

भिवरा ही आसारामची एकुलती, आईविना वाढवलेली लेक. गाडीचे मालक विठ्ठलराव देशमुख पायरीवरूनच म्हणाले, "उभा काय ऱ्हायलास बे? गाडी घे, दवाखान्यातली नर्स घे अन् नीघ."

सुंदरबाई नर्स पेटी मांडीवर घेऊन मागे बसल्या. वडवणी गेली, तेलगाव गेलं. धारूरचा घाट चढताना, ऐन बाराच्या उन्हात, टाकीच्या टोपणाखालून वाफ शिट्टी घालू लागली. गाडी थांबली ती बारवेच्या वळणावर.

आसाराम उतरला आणि जागीच उभा राहिला. चौदा वर्षांपूर्वी, भिवरा चार वर्षांची असताना, इथंच बैलगाडी थांबली होती. त्याची बायको सुभद्रा दुसऱ्या बाळंतपणात अशीच अडलेली, पाणी मागत होती. तो बारवेच्या पायऱ्या उतरला. पाणी घेऊन वर आला तेव्हा ते प्यायला कोणी उरलं नव्हतं. त्यानंतरच त्याने बैल विकले आणि मोटार शिकला.

गाडीत बसलेल्या सुंदरबाईंखेरीज घाटात चिटपाखरू नव्हतं. वारा पडला होता. इंजिनातून करपल्या पिठाचा वास येत होता. तापलेल्या इंजिनावर गार पाणी पडलं तर ते तडकतं, म्हणून तो दम धरून थांबला. मग बारवेचं पाणी आणून ओतलं, गाडी सुरू केली. चिलीम भरायला लागतो तेवढ्या वेळात पुन्हा उकळी. पंखा फिरत होता, पट्टा शाबूत होता, नळ्या कोरड्या होत्या.

"मंग पानी जातंय कुठं?" तो स्वतःशी पुटपुटला.

"जात न्हाई, हेच तर दुखनं हाय," मागून, बारवेच्या बाजूने, बाईचा आवाज आला. "टाकीला वर हात लावा... आता खाली लावा."

वर चटका बसला. खाली टाकी गार होती. पाणी मध्येच अडलं होतं, फिरतच नव्हतं.

"पीठ घातलंवतं का?"

"दोन मुठी..."

"दोन! आवं, आंबीलच शिजवलीत की!"

आसारामच्या मानेवरचा घाम गार झाला. त्याला 'आवं' म्हणून हाक मारणारं माणूस जगात एकच होतं. ओल्या दगडाचा, बारवेच्या तळाचा वास अगदी पाठीशी आला. बाराचं ऊन, सावल्या पायाखालीच, त्यांवरूनही काही कळेना. त्याने मागे पाहिलं नाही. पाहिलं आणि हा आवाज थांबला, तर भिवराचं काय?

"काय करू...?"

"खालनं फुका. चूल वरनं फुकतंय का कुनी?"

त्याने टाकीची खालची नळी सोडवली. चाकात हवा भरायचा पंप तिथं लावला, पटक्याचं टोक भोवती आवळलं आणि अंगातला सगळा जोर लावला. आत गुरगुर झाली. मग वरच्या तोंडातून पांढरे चिकट गोळे भसाभसा बाहेर पडले. पुन्हा पाणी, पुन्हा पंप, शेवटी नितळ पाणी येईपर्यंत. नळी बसवून त्याने डब्यासाठी न बघता हात मागे केला. भरलेला डबा हातात आला. त्याची कडी उन्हात पोळायला हवी होती. ती थंडीतल्या पहाटेच्या लोखंडासारखी लागली.

"दमादमानं वता... घाई कराल तर इंजिन फुटंल." मग अगदी हळू, "पोरगी सुटली की मला सांगायला या."

त्याने नुसती मान हलवली. हँडल मारलं. इंजिन सुरू झालं. टाकी वर-खाली सारखी कोमट लागत होती.

"आसाराम," सुंदरबाई मागून म्हणाल्या, "त्या बाईंनाही घ्या की. जागा आहे. एवढ्या उन्हात अनवाणी, आणि पाय किती ओले त्यांचे!"

"ऱ्हाऊ द्या बाई... तिला हितंच थांबायचंय."

दिवेलागणीला भिवरा सुटली. मुलगी झाली. तिने असा टाहो फोडला की उंबऱ्याशी बसलेला आसाराम दचकला आणि मग रडता रडता हसू लागला. मायलेकी दोघी सुखरूप होत्या.

ती गाडी पुढे सहा वर्षं चालली. टाकीची गळती बंद झाली नाही, थेंब थेंब रोज गळायचा. तरी सकाळी टोपण काढलं की पाणी काठोकाठ, आणि वैशाखातही माठातल्यासारखं गार. आसाराम ते बघायचा आणि टोपण गुपचूप लावायचा. घाटातून तो शेकडो वेळा गेला. सांगितलं की ती निघून जाईल; आज नको, पुढच्या खेपेला, असं म्हणत प्रत्येक वेळी वळण ओलांडून गेला. सुभद्राला सांगायचं राहून गेलं.