उंच दात

चिठ्ठीवर डॉक्टरांचं तेच गिचमिड अक्षर : 'दात उंच लागतोय. कमी करा.' माझं डोकंच फिरलं. बावीस वर्षं मी लॅबमध्ये दातांच्या कॅप बनवतेय. माझं काम सहसा परत येत नाही. त्यात ही कॅप माझ्या आईची. खालच्या जबड्यात उजवीकडे, मागून दुसरी. इम्प्लांटचा स्क्रू हाडात घट्ट बसला होता. वरची झिरकोनियाची कॅप मी बाकीच्या दातांचा पिवळटपणा जुळवून केली होती. "नवा घेतलाय तर जरा नवा दिसू दे की," असा टोमणाही आईने मारून झाला होता.

पण कॅप घातली की तिचे बाकीचे दात एकमेकांना टेकेनात. दोन आठवडे ती सूप आणि कुस्करलेल्या केळ्यावर होती. कपडे अंगावर लोंबायला लागले होते.

"तू आणि डॉक्टर एकमेकांवर ढकला," ती म्हणाली, "मी बसते उपाशी."

मी कॅप घासली. परत आली. पुन्हा घासली. झिरकोनिया घासताना हाताला कळा येतात, आणि जास्त घासलं की कॅप पातळ होऊन फुटते. तिसऱ्यांदा तीच चिठ्ठी आली तेव्हा मी चडफडत आईच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे काढले आणि एकावर एक मिटवले.

कॅपच्या वर काहीच नव्हतं.

आईची वरची दाढ तीन वर्षांपूर्वी काढलेली. तिथलं हाड कमी पडत होतं, म्हणून ती नंतर बसवायची ठरली होती. मला हे माहीत होतं, डॉक्टरांनाही. पण उंच म्हटलं की घासायचं, ही हाताची सवय. कशाला लागतोय, हे दोघांनीही विचारलं नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

फोन केला. "डॉक्टर, हा दात लागतोय कशाला?"

"कशाला म्हणजे? वरच्या..." ते थांबले. "उद्या आईंना घेऊन या."

सकाळी अकराची वेळ, दवाखाना उन्हाने भरलेला. डॉक्टरांनी कॅप बसवली, तिच्यावर निळा कागद ठेवला; दात जिथे टेकतो तिथे त्याचा रंग उठतो. "काकू, चावा."

कॅपवर दोन निळे ठिपके उठले.

"गाल मध्ये आला असेल," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता, जणू मीच काहीतरी लबाडी केली होती. मी आरशाने गाल बाहेर ओढून धरला. त्यांनी जीभ बाजूला केली. आई पुन्हा चावली.

चार ठिपके.

"मी सांगत होते ना," आई म्हणाली.

डॉक्टरांनी मेणाची पट्टी गरम करून तिच्या तोंडात ठेवली. ती चावली. पट्टी थंड झाल्यावर बाहेर काढली. खालच्या बाजूला माझ्या कॅपचा ठसा होता. वरच्या बाजूला एका दाढेचा. उंचवटे, मधली खाच, सगळं स्वच्छ.

मी आईचा ओठ उचलला. वर गुळगुळीत हिरडी. बोट दाबून पाहिलं. मऊ लागली.

डॉक्टरांनी ती पट्टी माझ्याकडे न बघता कचऱ्यात टाकली. "कॅप काढून टाकतो," ते म्हणाले. "इम्प्लांटवर झाकण लावतो. हिरडीच्या बरोबरीने. पुढचं नंतर बघू."

मी हो म्हटलं. मला फक्त आईने खायला हवं होतं.

घरी येताच तिने गाजर मागितलं. सोललेलं, अख्खं. मी समोर बसून बघत राहिले. तिने समोरच्या दातांनी तुकडा मोडला आणि जिभेने उजवीकडे, नेमका कॅप काढलेल्या जागी सारला.

तिथे आता वर दात नव्हता. खालीही नव्हता.

"आता बरोबर झालं बघ," आई तोंड भरून म्हणाली आणि दुसरा तुकडाही त्याच जागी सारला. तिचे ओठ मिटले होते. उजव्या गालाआड गाजर कडाकड फुटत होतं.