मुळांना धाप लागते तेव्हा

"माझा पंप कोणी बंद केला?"

संशोधन करणारी ती प्रयोगशाळेतून अशी कडाडली, की शेजारच्या खोलीतला आवाजवाला हेडफोनसकट दचकला. गोष्टी वाचून रेकॉर्ड करणं हे त्याचं काम. इमारतीत येऊन जेमतेम आठवडा झालेला.

"मी... काल संध्याकाळी. त्याच्या बुडबुडीमुळे रेकॉर्डिंगमध्ये माझी वाळवंटातली राजकन्या नदीत उभी असल्यासारखी वाटत होती हो!"

"आणि माझी टोमॅटोची रोपं?"

तिनं त्याला हाताला धरून (तो म्हणतो, कानाला) आत नेलं. बरण्यांत खतपाणी, त्यात लोंबणारी मुळं आणि वर माना टाकलेली रोपं. सोमवारी तिच्या मार्गदर्शक बाई काम तपासायला येणार होत्या. रोपं गेली तर वर्षभराची मेहनत मातीमोल, आणि इथं तर मातीसुद्धा नव्हती!

"पण पाण्यात सगळं आहे ना? लोह, पोटॅश..."

"आहे! पण ते आत ओढायला मुळांना ताकद लागते, ताकदीला श्वास लागतो, आणि पाण्यात हवा हा पंप सोडतो. तुम्ही समोर ताट वाढून नाक दाबलंत त्यांचं!"

त्याचा चेहरा इतका पडला, की तिला हसूच आलं. पण तिनं ते गिळलं. तिनं पंपाचं बटण दाबलं... आणि नेमकी वीज गेली. दुष्काळात तेरावा महिना!

तो धावत गेला आणि सायकलचा पंप घेऊन आला. नळी बरणीत सोडून सुरू.

"हळू! मुळं आहेत ती, टायर नाही!"

वीज येईपर्यंत दोघं आळीपाळीनं पंप मारत राहिले. हाताला हात लागला, की आधी "सॉरी" व्हायचं... मग तेही बंद झालं.

सोमवारी रोपं ताठ उभी होती. बाई खूश होऊन गेल्या आणि तो दारात आला.

"सायकलचा पंप न्यायला आलो."

"न्या की."

तो हलेना. "घरी झोप लागत नाही. फार शांत वाटतं... बुडबुड नाही."

"मग रेकॉर्ड करून न्या."

"केली. पंप मारताना मोबाइल चालू ठेवला होता. मध्येच कुणीतरी 'टायर नाही!' असं ओरडतं. तेवढंच पुन्हा पुन्हा ऐकतो... मला तुम्ही फार आवडता."

आता धाप तिला लागली. तिनं सायकलचा पंप उचलून बरण्यांमागे ठेवला.

"पंप राहू दे इथंच," ती म्हणाली. "आणि तूही ये... मला एकटीला नाही जमत."

टोमॅटो धरायला अजून महिना होता. लाल व्हायचं काम दोघांनी तिथंच उरकून घेतलं.