परतीच्या वाटेवरच्या पापड्या

भट्टी तापलेली आणि घर मात्र गारठलेलं. असं कसं होईल?

चांदवाडीतल्या एका घरात हे कोडं पडलं होतं, आणि त्याचं उत्तर शोधायचं सोडून घरातली माणसं नुसती चिडली होती. सगळ्यांत जास्त चिडली होती उल्का. तिला राग यायला दोन कारणं होती. पहिलं जुनं होतं, दुसरं अगदी ताजं.

चांदवाडी ही चंद्रावरची वस्ती. फार फार पूर्वी वितळलेल्या खडकाचा लोंढा वाहून गेला आणि मागे एक लांबलचक बोगदा उरला. त्या बोगद्यात हवा भरून माणसांनी घरं बांधली होती. भोवतालचा खडक बाराही महिने थंडगार. घरं लांबट नळीसारखी, इतकी अरुंद की समोरून कुणी आलं तर दुसऱ्याने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. अशा घरात उल्का, तिची आई आणि ऋतुजाआजी राहत होत्या. बाबा दूरच्या बर्फाच्या खाणीवर असत आणि सुटीत येत.

एवढ्याशा घरात उल्काची म्हणून एकच जागा होती. भिंतीतलं उभं कपाट. त्यात बसून, गुडघे पोटाशी घेऊन ती वाचायची, चित्रं काढायची, रुसायची.

पूर्वी प्रत्येक खोलीत भिंतीला एक विजेची पट्टी असे. पट्टीजवळ बसलं की पाठ भाजायची आणि पलीकडच्या टोकाला पाय बधिर व्हायचे. म्हणून वस्तीच्या निवास कक्षाने (घरांची व्यवस्था पाहणाऱ्या कार्यालयाने) ठरवलं, की पट्ट्या काढायच्या आणि प्रत्येक घराला एक मध्यवर्ती भट्टी (एकाच ठिकाणी हवा तापवून ती सगळ्या खोल्यांत पोचवणारं विजेचं यंत्र) बसवायची.

ती बसवायला आला पानेकाका. हा एक यंत्रमानव होता. त्याला चार हात होते आणि प्रत्येक हाताच्या टोकाला वेगळा पाना, म्हणून मुलांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. त्याने घरभर मापं घेतली. स्वयंपाकघरात भट्टी मावेना. निजायच्या खोलीत ठेवली तर पलंग बाहेर काढावा लागला असता. देवाच्या कोपऱ्याकडे त्याने नुसतं पाहिलं, तर आजीने अशी नजर रोखली की तो दोन पावलं मागे सरला. मग त्याने कपाटाचं दार उघडलं.

"ही जागा रिकामी आहे," तो म्हणाला.

"रिकामी? मी बसलेय ना इथे!" आतून उल्का ओरडली.

पण भट्टी तिथेच बसली. पानेकाकाने खाली पक्की बैठक केली, भट्टी आणि कपाटाच्या भिंती यांच्यामध्ये हात जाईल इतकी फट राखली, वीजवाहिनी जोडली आणि छताजवळून प्रत्येक खोलीपर्यंत हवानळ (हवा वाहून नेणारा पोकळ चौकोनी नळ) नेला. कपाटाचं जुनं दार काढून त्याने खाली जाळी असलेलं नवं दार बसवलं.

"ही जाळी कशाला?" उल्काने फुरंगटून विचारलं.

"रचनेत आहे," पानेकाका म्हणाला आणि आपले चारही पाने मिटून निघून गेला.

हा झाला जुना राग.

पहिले काही दिवस घर खरोखर छान उबदार झालं. आजी तर खूश. तिने कपाटाचं दार उघडून आत हात घालून पाहिला आणि तिचे डोळे चमकले.

"उल्के, ही तर आमची विट्याची गच्ची आहे गं!"

विटा हे आजीचं पृथ्वीवरचं गाव. तिथल्या शाळेत ती वर्षानुवर्षं विज्ञान शिकवत होती, आणि उन्हाळा आला की शाळेतून येऊन आपल्या आईबरोबर गच्चीवर वाळवणं घालत होती. कुरडया, सांडगे, तांदळाच्या पापड्या. जुन्या लुगड्याचं मऊ कापड पसरायचं, वर पापड्यांच्या ओळी मांडायच्या, आणि हातात काठी घेऊन कावळ्यांची राखण करत सावलीला बसायचं. राखणीला बसलेलं पोरच निम्म्या ओल्या पापड्या फस्त करायचं, हे सगळ्यांना माहीत असायचं आणि कुणी बोलायचं नाही.

"इथे ऊन बोगद्यात येत नाही," आजी म्हणाली, "पण कावळेही नाहीत. काय बिघडलं?"

तिने वस्तीच्या हरितगृहातले तांदूळ आणले, पीठ आंबवलं, पापड्या उकडल्या आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर थापून तो तुकडा कपाटात दाराच्या आतून, जाळीवर चारही कडांना चिमटे लावून टांगला. गंमत म्हणजे कापड ताणायचीही गरज पडली नाही. ते आपोआप शिडासारखं आत फुगून ताठ राहिलं. पापड्या बघता बघता वाळायला लागल्या. दार उघडायला मात्र जोर लागे.

"दार किती घट्ट बसवलंय मेल्याने," आजी दर वेळी पुटपुटे.

एक घाणा झाला की दुसरा. आईने शेजारी वाटल्या. उल्काने राखण केली, म्हणजे काय केलं ते सांगायला नको.

आणि घर गार पडत गेलं. उल्का दोन-दोन स्वेटर घालून झोपू लागली. आजीचे गुडघे धरले. आईने निवास कक्षाला कळवलं. कक्षाने तिथूनच, दुरून, भट्टीच्या आकड्यांवर नजर टाकली, आणि आज सकाळी पानेकाका एक मोठी पेटी घेऊन दारात उभा राहिला.

"भट्टी निर्दोष आहे," तो म्हणाला. "घर जुनं आहे. भिंतींतून ऊब गळत असणार. सत्तर वर्षांवरील रहिवाशाला वीस अंश ऊब मिळालीच पाहिजे, असा नियम आहे. या घरात ती मिळत नाही. म्हणून ज्येष्ठ रहिवासी पुढच्या यानाने पृथ्वीवर परत जातील. ही त्यांच्या सामानाची पेटी."

हा उल्काचा ताजा राग. तो पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

आजी तर उसळलीच. "वा रे वा! भट्टी तुझी, ती बसवली तू, थंडीने कुडकुडतेय मी, आणि परतही मलाच पाठवायचं? मी काय चुकून आलेलं पार्सल आहे?"

"नियम तुमच्या काळजीपोटी आहे, ज्येष्ठ रहिवासी."

"काळजी! अरे, काळजी असती तर आधी कपाट उघडून बघितलं असतंस. माझी नात इथे आहे, लेक इथे आहे. तिकडे माझं कोण आहे आता? आणि दुरून आकडे बघून तुम्ही माणूस उचलणार?"

"आई, शांत हो जरा," उल्काची आई म्हणाली.

"मुळीच शांत होणार नाही! बस रे इथे. चार हात आहेत, चारही मांडीवर ठेव आणि ऐक. मी तुला शिकवते ऊब म्हणजे काय ते. उल्के, तू पण ये."

पानेकाका बसला. आजीच्या आवाजात शाळेतली चाळीस मुलं एकदम गप्प करायची ताकद होती, ती यंत्रालाही लागू पडली असावी.

"पृथ्वीवर चूल पेटवली की गरम हवा कुठे जाते?" आजीने विचारलं.

"वर," उल्का म्हणाली.

"का?"

"कारण ती हलकी होते."

"अर्धं बरोबर. हवा तापली की फुगते, पसरते, म्हणून तेवढ्याच जागेत ती हलकी भरते. पण ती आपणहून वर उडी मारत नाही. तिच्या शेजारी गार, जड हवा असते. त्या जड हवेला जमीन खाली ओढते. ती खाली घुसते आणि हलकीला वर ढकलते. मग खाली आलेली तापते आणि तीही ढकलली जाते. असं चक्र फिरत राहतं. त्याला अभिसरण म्हणतात (तापलेली हवा वर, गार हवा खाली, असं फिरणं). आता सांग, ओढतं कोण?"

"गुरुत्वाकर्षण!"

"आणि ते इथे किती?"

"पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याइतकं," उल्का म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं. "म्हणजे इथे गार हवा खाली जायला आळस करते! म्हणून पट्टीजवळ पाठ भाजायची आणि लांब बसलं की गारठा!"

"शाबास. म्हणून इथे हवेला ढकलायला पंखा लागतो. तो त्या भट्टीच्या पोटात आहे. पंखा हवा ओढतो, तापलेल्या तारांवरून नेतो आणि नळांतून खोल्यांत पाठवतो. बरोबर ना रे?"

"बरोबर," पानेकाका म्हणाला. "पंखा फिरतो. तारा तापतात. मात्र भट्टी वारंवार स्वतःला बंद करते. आत उष्णता फार साठली की रक्षक-कळ (यंत्र जळू नये म्हणून वीज तोडणारी कळ) पडते."

"मग ही ऊब खोल्यांत न जाता आत साठते कशी?" आजी गरजली. "भिंतीतून ऊब गळत असती, तर भट्टीला उलट जास्त वेळ चालावं लागलं असतं. इथे तर भट्टीलाच धाप लागतेय. तुझं गणितच चुकलंय, लबाडा!"

पानेकाकाच्या डोळ्यांतले दिवे दोनदा लुकलुकले.

आजीने देवाच्या कोपऱ्यातली कापसाची वात घेतली, ती पिंजून हलकी केली आणि उल्काच्या हातात दिली. "प्रत्येक खोलीतल्या हवानळाच्या तोंडाशी धर."

उल्काने धरली. स्वयंपाकघरात कापूस जेमतेम हलला. निजायच्या खोलीत तर मुळीच नाही.

"हवा येतच नाहीये, आजी!"

"बघ! पंखा फिरतोय आणि हवा येत नाही. असं कधी होईल? उल्के, बाटलीला ओठ घट्ट लावून पाणी ओढत राहिलीस, तर काय होतं?"

"आधी थोडं येतं. मग येईनासं होतं आणि ओठच आत ओढले जातात."

"का?"

"कारण जेवढं पाणी बाहेर येतं तेवढी हवा आत जायला वाट हवी, आणि ती मी ओठांनी बंद केलेली असते."

"तस्संच! पंखा कितीही चांगला असो, त्याला ओढायला हवा मिळाली पाहिजे. खोल्यांत गेलेली हवा गार होऊन परत भट्टीकडे यायला हवी. परतीची वाट नसेल तर जायची वाट असून उपयोग नाही. आणि हा शहाणा ती वाटच ठेवायला विसरला असणार!"

"वाट ठेवली आहे," पानेकाका म्हणाला.

पण उल्का ऐकत नव्हती. ती आपल्या ओठांना हात लावून उभी होती.

"आजी," ती हळूच म्हणाली, "कपाटाचं दारसुद्धा असंच ओढलं जातं. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं."

आजी गर्रकन वळली. तिने कपाटाकडे पाहिलं. दाराखालच्या जाळीतून पांढरं कापड दिसत होतं, आत फुगून ताठ झालेलं, आणि त्यावर पापड्यांचे गोल, एकाला एक लागून.

आईने तोंडावर हात ठेवला. उल्काने दोन्ही हातांनी दार ओढलं. फस्सकन आवाज झाला आणि दार एकदम उघडलं. चिमटे सुटून कापड भट्टीकडे झेपावलं, ते तिने पकडलं. भट्टीने मोठा श्वास घ्यावा तसा आवाज आला. थोड्या वेळाने रक्षक-कळ परत चढली, तारा लालसर झाल्या. उल्का कापूस घेऊन निजायच्या खोलीत धावली.

"हलतोय!" तिचा आवाज आला. "आजी, नाचतोय!"

पानेकाका कपाटापाशी वाकला. "परतवाटेवर परकीय वस्तू."

"परकीय?" आजी म्हणाली. "विट्याच्या पापड्या आहेत त्या."

मग ती पलंगावर बसली आणि आधी स्वतःलाच हसली. "तीस वर्षं मुलांना शिकवलं मी हे. आणि वाळवणाच्या नादात घराच्या नाकावरच फडकं बांधून ठेवलं." पण दुसऱ्याच क्षणी तिचा आवाज पुन्हा चढला. "चूक माझी, मान्य. पण तू रे? माझ्या नातीने विचारलं होतं, जाळी कशाला. तू म्हणालास, रचनेत आहे! गार हवा इथून परत येते, इतकंच सांगितलं असतंस तर मी इथे कापड लावलं असतं का? आणि पेटी घेऊन आलास, पण दार नाही उघडलंस. ही पेटी उचल आधी."

पानेकाकाने पेटी उचलली. मग म्हणाला, "वस्तीत आणखीही काही घरं गार पडत आहेत. तिथेही आम्ही आकडेच पाहिले होते."

"त्यांच्याही पेट्या तयार आहेत?"

"हो."

"मग इथे काय उभा आहेस? जा, दारं उघड! कुणाच्या जाळीपुढे बुटांचा ढीग असेल, कुणाचा पलंग. आणि नुसती दारं उघडून येऊ नकोस, का ते सांग."

"मी येते तुझ्याबरोबर," उल्का म्हणाली. "सांगायचं काम मी करते. तुला नीट सांगता येत नाही." तिने पिंजलेला कापूस मुठीत घेतला.

निघण्याआधी पानेकाकाने स्वयंपाकघरात, हवानळाच्या तोंडापासून हातभर लांब, एक हलकी चौकट ठोकून दिली. हवाही अडणार नाही आणि पापड्याही वाळतील, अशी. आजीने चौकट हलवून पाहिली, बरी आहे म्हणाली, आणि लुगड्याचा तुकडा तिच्यावर टाकला.

संध्याकाळी घर इतकं उबदार झालं की आईने स्वेटर काढून ठेवले. उल्का परत आली तेव्हा दमली होती, पण तिचे डोळे आजीसारखेच चमकत होते. गार पडलेल्या सगळ्या घरांत कापूस नाचला होता आणि निवास कक्षाने सगळ्या पेट्या परत मागवल्या होत्या.

ती सरळ आपल्या जुन्या कपाटापाशी गेली. आत बसायला आता जागा नव्हती. तिने रंग घेतले आणि दारावर, जाळीच्या वर, मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'इथून घर श्वास घेतं. अडवू नका.' खाली स्वतःचं नाव घातलं.

मग जाळीसमोर जमिनीवर मांडी घालून बसली. सगळ्या खोल्यांतून फिरून आलेली हवा तिच्या केसांवरून सरकत आत जात होती.

"उल्के," स्वयंपाकघरातून आजीने हाक मारली, "राखणीला ये गं. पापड्या अजून ओल्या आहेत."