पलंग जागचा हलवला नाही

ही १९५१ सालची गोष्ट. पोर्ट अँटोनिओ बंदरातली. खोटी वाटेल त्याने पुढे वाचू नये.

आयसिल्डाची आई, मिस वॅष्टी, धोबीण होती. जहाजांवरच्या अधिकाऱ्यांचे पांढरे कोट ती कोळशाच्या इस्त्रीने असे कडक करायची की कोट नुसता उभा राहावा. चोवीस वर्षं एकाच खोलीत. त्याच खोलीत ती गेली.

चौथ्या दिवशी मालक मिस्टर पर्सिव्हल दारात आले.

"शनिवारी खोली रिकामी कर. बोटीच्या कचेरीतला कारकून येतोय."

"रविवारी नववी रात्र आहे, सर. त्या रात्री आई शेवटची येते, तिला निरोप द्यायचाय. एक दिवस थांबा."

"ढोल, रम, तळलेले मासे... माझ्या आवारात तमाशा नको. मेलेल्याला काय कळतंय, शनिवार की रविवार?"

याच माणसाचा लग्नातला पांढरा कोट तिच्या आईने इस्त्री केला होता.

शनिवारी शेजारीण मिस झिला आली. "चल पोरी, पलंग फिरवू. टेबल हलवू. नाहीतर वॅष्टी परत आली की खोली ओळखेल. मग जायची नाही."

"ओळखू दे."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"कळू दे मालकाला, मेलेल्याला काय कळतं ते."

आयसिल्डाने खुर्चीसुद्धा हलवली नाही. फक्त इस्त्री उचलली आणि अंगणापलीकडे मिस झिलाकडे राहायला गेली.

सोमवारी सकाळी कारकून अंगणात उभा. तोंड पांढरंफटक.

"पहाटेपासून माझ्या खोलीत कोण इस्त्री करतंय?"

अंगणातले शेजारी जमले. मग सगळ्यांनाच ऐकू आलं...

चर्र... ओल्या कापडावर तापलेलं लोखंड.

दार उघडलं. आत कोणी नाही. नुसता खळीचा वास.

इस्त्री आयसिल्डाच्या पायाशी होती. थंड.

मालक संतापले. दुपारी स्वतः पलंग ओढून दुसऱ्या भिंतीला लावला, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली.

संध्याकाळी सगळ्यांसमोर कुलूप काढलं...

पलंग खिडकीखाली. आपल्या जागी.

त्यावर मालकांचा लग्नातला कोट, नीट घडी घातलेला. तो तर त्यांच्या घरी कपाटात असायचा. अजून गरम होता. छातीवर इस्त्रीचा काळा डाग.

"विचारा आता तिला," आयसिल्डा म्हणाली. "शनिवार की रविवार."

कारकून त्याच दिवशी गेला. मालकांनी पुन्हा पांढरा कपडा अंगाला लावला नाही. तीन वर्षांनी वारले. मिस झिला मुलाकडे समुद्रापार लिमोनला गेली, तिथेच संपली. खोलीला कुलूप राहिलं ते राहिलंच.

आयसिल्डा किंग्स्टनला गेली. म्हातारपणी एकदा परत आली आणि त्या बंद दाराला कपाळ टेकून उभी राहिली.

"आई, राग माझा होता गं. तू चल आता."

आतला इस्त्रीचा आवाज थांबला...

मग पुन्हा सुरू झाला.