नेवेनाच्या नावाचा गहू

स्तोइमेन काव्राकोव्ह आत आले ते दोन्ही हातांत गव्हाचा वाडगा धरून. वाडगा काठोकाठ भरलेला.

उकडलेला गहू, वर पिठीसाखर आणि अक्रोड. बायको गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाचा. ब्रेस्नित्साच्या स्मशानातून म्हातारा काळ्या कोटातच तडक राजधानीत, सोफियाला, खासगी तपास करणाऱ्या देतेलिना मुर्गोव्हाच्या कचेरीत आला होता. आमच्याकडे चाळिसाव्याचा गहू घरी परत जात नाही. हाडवैरीसुद्धा चमचाभर तोंडात टाकतो, ‘देव तिला क्षमा करो’ म्हणतो आणि मग हवं तर भांडतो.

"कुणीच घेतला नाही," काव्राकोव्ह म्हणाले. "अख्ख्या गावात एकानंही हात पुढे केला नाही. माझ्यावर थुंका ना! नेवेनानं काय पाप केलं होतं?"

"मीही आत्ता घेणार नाही," देतेलिना म्हणाली. "आधी तुमचं गाव घेईल, मग मी. बसा."

आसेन, तिचा दीर, निवृत्त दंतवैद्य, कॉफी करत होता. वहिनीचं बोलणं ऐकून त्याला लाज वाटली. त्याने गुपचूप एक चमचा खाल्ला.

प्रकरण सगळ्या देशाला माहीत होतं. काव्राकोव्ह सहा वेळा निवडून आलेले खासदार. गावच्या नदीवर सोन्याची खाण नको म्हणून त्यांनी हयात घालवली. पक्षानं डोळे वटारले तरी प्रत्येक वेळी विरुद्धच मत दिलं. आणि नेवेना गेली त्याच आठवड्यात खाणीचा कायदा एका मतानं मंजूर झाला. नोंदीत काव्राकोव्ह यांच्या नावापुढे होतं: बाजूने.

"मी ‘विरुद्ध’ दाबलं. या अंगठ्यानं. निकाल ऐकला, खाचेतून मतदानाचं कार्ड उपटलं, कोटात कोंबलं आणि बस पकडून तिच्या थडग्यावर गेलो. त्यानंतर सभागृहाची पायरी चढलेलो नाही."

"कार्ड पुन्हा पाहिलंत?"

"त्याचं तोंड बघायची इच्छा नाही, बाई." त्यांचा आवाज खाली गेला. "शनिवारी मृतांचा दिवस. पुन्हा गहू शिजवायचा. त्या दिवशीही कुणी घेतला नाही, तर... नदी अजून स्वच्छ आहे. मला पोटात घेईल."

ते गेल्यावर आसेन म्हणाला, "वहिनी, म्हाताऱ्यानं पैसे खाल्ले असतील."

"पैसे खाल्लेला माणूस गव्हासाठी रडत नाही, भावोजी. चला."

संसदेतलं मतदानाचं यंत्र सांभाळणारा क्रुम भेटताच उखडला. "यंत्राला दोष देऊ नका! बटण कुणी दाबलं हे ते बघत नाही, खाचेत कार्ड कुणाचं एवढंच बघतं. सगळी कार्डं निळी, नाव मुंगीएवढं. बिघाड काही नाही. त्या आठवड्यातलं माझं काम म्हणजे एक नवं कार्ड. दोचेव्ह साहेबांनी आपलं हरवलं."

"हाच!" आसेन बाहेर येऊन कुजबुजला. "यंत्रवाल्यानंच घोळ केलाय."

"तुम्ही दाढ दुखली की शेजारची काढत होता वाटतं," देतेलिना म्हणाली.

लुचेझार दोचेव्ह काव्राकोव्हांच्या शेजारच्या बाकावरचा, त्याच मतदारसंघातला तरुण खासदार. आजवर खाणीचा पाठीराखा. आता ब्रेस्नित्साचा लाडका. नोंदीत त्याचं मत विरुद्ध होतं.

"मला उपरती झाली हो," तो म्हणाला. "स्तोइमेनदादांचं मात्र वाईट वाटतं. दुःखात अंगठा चुकला असेल. मतदानाआधी नेवेनाताईंसाठी सभागृहाला मिनिटभर उभं राहायची सूचना मीच मांडली. सगळ्यांच्या माना खाली. दादा तर दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होते."

"ते निघून गेल्यावर तुम्ही?"

"मी संध्याकाळपर्यंत जागचा हललो नाही. मधमाश्यांच्या कायद्यावर भाषणही ठोकलं! दादांना सांभाळा हं. दोनदा भेटायला गेलो. म्हटलं, तो काळा कोट द्या, धुऊन आणतो. अंगावरून काढतच नाहीत."

ब्रेस्नित्साच्या बाजारात चीज विकणारी त्सोना काव्राकोव्हांचं नाव ऐकताच कडाडली. "मेला तो आमच्या लेखी! नदी विकली आणि त्याच दुपारी तिथंच ठिय्या मारून मधमाश्यांच्या कायद्यालाही ‘हो’ म्हणाला. टीव्हीवर नावं दाखवली ना! नदी मारायची आणि माश्या पाळायच्या? वा रे वा!"

"बाजारगप्पा," आसेन म्हणाला.

देतेलिना मात्र जागीच थांबली. "भावोजी, शनिवारी तुमचा वाचायचा चष्मा विसरू नका."

शनिवारी स्मशानात अख्खं गाव होतं. थडग्याथडग्यावर मेणबत्त्या, वाइन, पोळ्या. दोचेव्ह लोकांचे हात हातात घेत हिंडत होता. नेवेनाच्या थडग्यापाशी काव्राकोव्ह एकटेच, भरला वाडगा घेऊन.

देतेलिनानं त्सोनाला दंडाला धरून तिथं आणलं. "तू म्हणालीस हे मधमाश्यांना ‘हो’ म्हणाले. तेव्हा हे या थडग्यावर नव्हते?"

त्सोना गडबडली. "होता की. दुपारी मीच त्याला इथं बघून तोंड फिरवलं होतं."

"मग सोफियात यांच्या नावानं बटण कुणी दाबलं? आणि संध्याकाळपर्यंत जागचे न हललेले दोचेव्ह त्याच मतदानात गैरहजर कसे? ती नोंद मी पाहून आले. काका, कोटातलं कार्ड काढा. भावोजी, चष्मा."

काव्राकोव्हांनी चष्मा लावून कार्ड डोळ्यांशी धरलं. मुंगीएवढी अक्षरं एकेक करून जुळवली. मग ते म्हणाले, "लुचेझार दोचेव्ह."

"कार्डांची अदलाबदल," देतेलिना म्हणाली. "यांचं ‘विरुद्ध’ त्याच्या नावावर, त्याचं ‘बाजूने’ यांच्या नावावर. खाणवाल्यांना मत हवं होतं, नाव कुणाचं का असेना. मत त्यांना, वाहवा याला. मध्यंतरात कार्डं परत बदलायची होती, पण हे तडक निघून आले. हा मात्र सवयीनं बटण दाबत राहिला. मग कोटावर डोळा."

"चुकून झालं असेल!" दोचेव्ह पांढराफटक पडला.

"चुकून? मग ‘हरवलं’ म्हणून नवं का घेतलंस? आणि कधी न दिलेलं मत गावभर का मिरवलंस?"

काव्राकोव्ह त्याच्याकडे बघत होते. "आम्ही उभे होतो तेव्हा? लेका, ते मिनिट नेवेनाचं होतं रे. तिच्या मिनिटात?"

लोक बाजूला सरले आणि दोचेव्ह फाटकाकडे चालू लागला. कुणी वाटही अडवली नाही, कुणी हातही दिला नाही.

"आता कायदा रद्द होईल?" आसेननं विचारलं.

"नाही. मतं तेवढीच राहतात, भावोजी. नावं फक्त बदलतात."

मग त्सोना एप्रनला हात पुसत पुढे आली, चमचाभर गहू तोंडात टाकला. "देव नेवेनाला क्षमा करो. आम्हालाही करो." तिनं चमचा खाली ठेवला. "नदी गेली रे, स्तोइमेन."

"गेली."

"मग खाणवाल्यांशी भांडणार कोण? तो पळपुटा? या बाईंनी सांगितलंय मला, पाण्याबिण्यात पाय टाकलास तर बघ. जेवायला ये."

तिच्यामागे रांग लागली. देतेलिनाची पाळी शेवटी आली, तेव्हा वाडग्याच्या तळाशी तिच्यापुरते चार दाणे उरले होते.