अंगावर घेतलेला आळ

रविवारी सकाळी फाफडा-जलेबीचा पुडा टेबलावर ठेवता ठेवता आनंदची नजर शेजारच्या टॅबवर गेली. पडद्यावर नुकताच एक निरोप उमटला होता. कारेलीबागेतल्या सोसायटीच्या ग्रुपवरचं काहीतरी असेल असं समजून त्याने तो सवयीने मोठ्याने वाचायला घेतला.

"आज कसं वाटतंय? काल तू लिहिलंस की तुला मुली आवडतात हे घरी कळलं तर जगणं नकोसं होईल. आज सुरक्षित आहेस ना?"

शेवटचे शब्द त्याच्या ओठातच विरले. त्याची बायको निरुपमा हातातली चहाची गाळणी तशीच धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"हे कुणाचं आहे?" आनंदने विचारलं.

टॅब घरात दोघी वापरायच्या. बारावीच्या वर्षात फोन नको म्हणून त्यांची मुलगी ओवी त्यावर ट्यूशनचे तास ऐकायची, आणि तिची आत्या कौमुदी त्यावर सावली गावातल्या शाळेच्या मुलांसाठी संस्कृतच्या पाठांची तयारी करायची.

कौमुदीने ओवीकडे पाहिलं. सतरा वर्षांची ती पोर भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब उरला नव्हता... कौमुदीला सगळं उमगलं. गेल्या तीन-चार महिन्यांत ताटात तसंच राहिलेलं अन्न, नळ सोडून मोरीत काढलेले तास, आणि अलीकडे टॅब मिटताना तिच्या मुद्रेवर दिसू लागलेली जराशी शांती. आणि त्याहून जास्त उमगलं ते हे, की आता ही पोर बोलली तर तिच्या प्राणातलं काहीतरी कायमचं मोडेल.

"माझं आहे," कौमुदी म्हणाली.

"तुझं? ताई, तू छप्पन्न वर्षांची आहेस."

"माझं आहे, आनंद."

लज्जेचा असा लोट तिच्या सर्वांगातून उसळला की तिला खुर्चीची पाठ धरावी लागली. या घरात आजवर तिचं नाव आदराने घेतलं जाई. वडील अकाली गेल्यावर धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी जिने लग्न केलं नाही, ती त्यागमूर्ती ताई! पाहुण्यांना तिची ओळख याच शब्दांत करून दिली जायची. त्या ताईकडे आता आनंद असा पाहत होता, की जणू घरात कुणी परकी बाई शिरली आहे.

मग निरुपमा अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "अहो... वन्सं ओवीच्या खोलीत झोपतात."

कौमुदीला वाटलं, आनंद रागावेल. 'काय बोलतेस हे' म्हणेल. तिने त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं... पण आनंदने मान खाली घातली.

"आजपासून तू हॉलमध्ये झोप, ताई," तो म्हणाला. आणि तो निरोप ज्यावर आला होता ते ॲप त्याने टॅबवरून काढून टाकलं.

दुपारी कौमुदी कपडे बॅगेत भरू लागली, तेव्हा ओवीने खोलीचं दार लोटून घेतलं. रडून रडून तिला उचकी लागली होती.

"आत्या, मी आत्ताच्या आत्ता बाबांना सांगते."

"नाही. ज्या दिवशी तुला सांगावंसं वाटेल त्या दिवशी सांग. पकडली गेलीस म्हणून नको." कौमुदीने तिला जवळ बसवलं. "मला एवढंच सांग, तिथे तुझ्याशी बोलतं कोण?"

"खरी माणसं असतात, समुपदेशन शिकलेली. माझ्यासारख्या मुलामुलींशीच बोलतात. नाव-गाव विचारत नाहीत. दिवाळीच्या आधी मला... मला जगायचंच नव्हतं, आत्या. तेव्हा एक ताई माझ्याशी दोन तास बोलत राहिल्या. मग रोज विचारायला लागल्या."

कौमुदीने डोळे मिटले. ज्या खोलीत ती निवांत झोपत होती, त्याच खोलीत हातभर अंतरावर ही पोर मरणाचा विचार करत होती... आणि ते कळलं एका अनोळखी बाईला. तिने पर्समधून स्वतःचा फोन काढला, तो उघडायचे आकडे सांगितले आणि ओवीच्या हातात दिला.

"त्या ताईंना लिहायचं सोडू नकोस. एक दिवसही नाही. आणि अगदीच जड झालं तर माझ्या शाळेत फोन कर."

दुसऱ्या दिवशी ती सावलीला शाळेत गेली ती परत आलीच नाही. शाळेजवळ एका गुजराती बाईंच्या घरी माडीवरची खोली तिने घेतली. "बेन, घरे बधुं सारुं छे ने?" घरी सगळं ठीक आहे ना, असं बाईंनी विचारलं. "हा, सारुं छे," ती म्हणाली, आणि त्या खोट्याचीही तिला लाज वाटली.

पण खरी लाज निराळीच होती. संध्याकाळी वह्या तपासायला बसली की तिला मोहना दिसे. विद्यापीठात दोघी एम.ए.ला होत्या. मोहनाला पुण्यात नोकरी मिळाली, तेव्हा ती घरी येऊन, आईच्या देखत विचारून गेली होती, "कौमुदी, येतेस का माझ्याबरोबर? दोघी राहू." कौमुदी म्हणाली होती, "भावाचं शिक्षण आहे गं." मोहनाने तिच्याकडे क्षणभर पाहिलं, सगळं जाणलं, आईला नमस्कार केला आणि जिना उतरून गेली. त्या दिवसापासून कौमुदी त्यागमूर्ती झाली... भित्रेपणाला लोकांनी त्याग म्हटलं, आणि तिने ते म्हणू दिलं.

तिसऱ्या रविवारी दुपारी दारावर थाप पडली. आनंद होता, मागे ओवी. आनंद फरशीकडे पाहत खाटेच्या कडेला बसला.

"ओवीने पत्र लिहून सांगितलं मला," तो म्हणाला. "त्या ॲपवरच्या बाईंनी तिला विचारलं होतं, बाबा चिडले तर कुठे जाशील? हिने लिहिलं, आत्याकडे." त्याने ओवीकडे पाहिलं. "तिथे आईबापांसाठीही एक पान आहे, ताई. रिफायनरीत कामावर असताना जेवणाच्या सुट्टीत तीनदा वाचलं. आईबाप पहिलं वाक्य काय बोलतात, ते मूल जन्मभर विसरत नाही, असं लिहिलंय. माझं ते पहिलं वाक्य, 'हॉलमध्ये झोप', मी तुला बोलून बसलो होतो... आणि ते ऐकत ही उभी होती."

कौमुदीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"निरुपमा खाली गाडीपाशी आहे. वर यायला पाय उचलत नाही म्हणते. तू घरी चल, ताई. मी सगळ्यांना सांगेन, तू ओवीसाठी खोटं बोललीस. तू तशी नाहीसच. तुझ्या नावावर डाग राहू देणार नाही मी."

'डाग' या शब्दासरशी ओवीने मान खाली घातली. ते कौमुदीने पाहिलं. परतीचं दार उघडं होतं, जुना मान जसाच्या तसा वाट पाहत होता... फक्त गप्प राहायचं होतं.

"आनंद, ते शब्द ओवीचे होते. खोटं एवढंच होतं; मी तशीच आहे," ती म्हणाली. "मोहना आठवते तुला?"

"घरी यायची ती? मला गणितं सोडवून द्यायची..."

"तिच्यामुळे मी लग्न केलं नाही. तुझ्या शिक्षणासाठी नाही. बत्तीस वर्षं तू स्वतःला माझा ऋणी मानलंस आणि मी मानू दिलं. मला लाज वाटते ती त्याची. बाकी कशाची वाटू नये असं आता ठरवलंय."

आनंदच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते कौमुदीने पाहिलं, आणि मन घट्ट करून ती वाट पाहत राहिली.

"कुठे असते ती आता?" त्याने विचारलं.

"गेली. चार वर्षं झाली. तिच्या भाच्याने कळवलं."

"चार वर्षं... आणि आम्हाला..."

"कळलं त्या दिवशी आपल्याकडे सत्यनारायण होता. मी प्रसाद वाटत होते."

आनंदने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ओवी उठून आत्याला बिलगली. थोड्या वेळाने, डोळे न पुसताच, आनंद म्हणाला, "फोटो आहे तिचा?"

कौमुदीने बॅगेच्या तळातून एक जुना फोटो काढून दिला. कमाटीबागेत दोन मुली डोळ्यांवर ऊन घेत हसत होत्या. आनंदने तो खिडकीच्या उजेडात धरला, खूप वेळ पाहिला, आणि मग खिडकीतून खाली वाकून हाक मारली.

"निरु, वर ये. ताईची मोहना बघायला ये."

मग जिन्यावर पावलं वाजू लागली... संथ, प्रत्येक पायरीवर थबकणारी, पण वर येणारी.